काळ्या पाण्यावरचे पणजोबा

वंशवृक्षाचा कागद छापायला द्यायची वेळ आली, तरी पणजोबांच्या नावापुढचं प्रश्नचिन्ह काही हलेना. तो जुळवणारा भाचा पेशाने मुद्रितशोधक. परक्यांच्या मजकुरातली वेलांटी चुकली तरी त्याच्या घशाखाली घास उतरत नसे, आणि इथे तर घरच्याच कागदावर हा आकडा लटकलेला. आत्याला ऐंशी पूर्ण होतील त्या दिवशी हा वृक्ष तिच्या हातात द्यायचा होता.

"आत्या, नक्की झालं काय होतं गं?"

"माझी आजी, म्हणजे तुझी पणजी, एवढंच म्हणायची, 'ते काळ्या पाण्यावर आहेत.' पुढे विचारलं की पाठीत धपाटा. घरात त्यांचं नाव काढायची सोय नव्हती." आत्याने चष्मा पुसला. "खून केलेला असो, दरोडा घातलेला असो, मला चालेल. फक्त आजीला टाकून आपल्या पायांनी गेले नव्हते, एवढं शोधून दे."

भाच्याने हे मोठ्या चुलतभावाला सांगितलं, तिथेच घोड्याने पेंड खाल्ली. चुलतभाऊ पाट्या रंगवणारा. जन्मठेपेचा कैदी आपल्या घराण्यात निघाला म्हटल्यावर त्याला चेवच आला. पणजोबांचा फोटो नव्हता, म्हणून त्याने आरशात बघून स्वतःचंच तोंड काढलं, वर दाढी चढवली आणि हातांत बेड्या घातल्या.

"बेड्या अगदी शोभतात हो तुम्हाला," त्याची बायको म्हणाली.

चित्र जिन्यात लागलं. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी दाराला दुसरं कुलूप लावलं. इतकं झाल्यावर माघार कशी घ्यायची? भाच्याने 'काळ्या पाण्याची शिक्षा भोगली' असं लिहून पहिलं प्रूफ काढलं आणि पुराव्यासाठी दप्तरखाना गाठला. चार दिवस कैद्यांच्या याद्या उपसल्या. पणजोबांचा मागमूस नाही.

"एवढा गुन्हा करून साधं यादीत नाव नाही?" चुलतभावाला हा घराण्याचा अपमान वाटला.

पाचव्या दिवशी दप्तरखान्यातल्या बाई एक जाडजूड वही घेऊन आल्या. "तुमचे पणजोबा सापडले. काळ्या पाण्यावरच आहेत. पण ही तुरुंगाची वही नाही हं, कापड रंगवायच्या कारखान्याची आहे. लाल रंगाचा हौद म्हणजे लाल पाणी, निळ्याचा निळं पाणी. हे काळ्यावर होते. राहायलाही तिथेच."

कारखान्याचा पत्ता भाच्याने पुन्हा वाचला. घराच्या मागचीच गल्ली!

संध्याकाळी त्याने आत्याला सगळं सांगितलं.

"आजी चिडली की एकच बोलायची, 'जा, तोंड काळं करा!' आजोबांनी ते मनावर घेतलं की रे." मग हळूच म्हणाली, "म्हणजे गेले आपल्याच पायांनी."

"दोनशे पावलं गेले, आत्या. आणि फाटकावरच्या नोंदी ऐक. रोजची एकच ओळ आहे. 'डबा घरून. आणणार, नात.'"

"नात? नात तर मी एकटीच. मी त्या कारखान्यात डबा न्यायचे तो काळेकाकांना. आजी म्हणायची, एकटे आहेत बिचारे. हात काळे, तोंड काळं, मला वाटायचं म्हणूनच आडनाव काळे. मला वेणीला काळी रिबीन द्यायचे..." आत्या थबकली. तिचे डोळे भरून आले, आणि त्यातच तिला हसूही फुटलं.

"काय झालं?"

"रोज म्हणायचे, 'आजीला सांग, भाजीत मीठ कमी होतं.' मी येऊन सांगायचे. आजी म्हणायची, 'त्यांना म्हणावं, तोंड धुऊन घरी या, म्हणजे चव कळेल.'"

"मग?"

"मोठ्या माणसाला असं उलटून कसं बोलायचं रे? मी आपली सांगायचे, घरातलं मीठ संपलंय." आत्याने पदराने डोळे टिपले. "सहा वर्षं!"

भाच्याने पिशवीतून प्रूफ काढलं आणि लाल पेनने 'शिक्षा' हा शब्द खोडायला घेतला. आत्याने त्याचा हात धरला.

"तो राहू दे. शिक्षा झालीच होती. खाली फक्त देणाऱ्याचं नाव घाल, माझं."