कपाटातून प्रशिक्षण

मी कपाटात जाऊन बसलो तो निव्वळ कंपनीच्या भल्यासाठी, हे आधीच सांगून ठेवतो. नंतर लोक काहीबाही बोलतात.

आमची कंपनी लिफ्ट बसवते आणि दुरुस्त करते. मी तिथे प्रशिक्षण विभागात आहे. (म्हणजे एक टेबल, एक खुर्ची आणि मी, मिळून प्रशिक्षण विभाग.) कर्मचाऱ्यांसाठी ऑनलाइन धडे तयार करायचे आणि ते त्यांनी पाहिले की नाही यावर नजर ठेवायची, हे माझं काम. मागचा धडा मी अगदी जीव ओतून केला होता. 'सुरक्षितता : एक सखोल विचार'. मेकॅनिक मंडळींनी कीबोर्डवर पुढे जायच्या बटणावर पाना ठेवला आणि चहाला निघून गेली. हिशेबनीस बाईंनी तो लावून दुपारची झोप काढली. 'आपल्या आवाजाने डोळा छान लागतो,' असा अभिप्रायही वर लिहून पाठवला.

साहेबांनी मला आत बोलावलं.

"अहो, लोक गुंतून राहतील असं काहीतरी करा! नाट्य आणा, आवाज घाला, प्रश्न विचारा. या वेळी एकूण एक माणसानं धडा पूर्ण केला नाही, तर प्रशिक्षण विभाग बंद. तुमची गोदामात सोय करतो."

गोदाम म्हणजे तळघर, आणि तिथे सोबतीला ग्रीसचे डबे. मी एकदाच तिथे गेलो होतो. त्या दिवशीचा सदरा आता घरात फरशी पुसायला वापरतात.

मी कंबर कसली. विषय निवडला, 'लिफ्टमध्ये अडकलात तर?' पुढे ढकलायचं बटणच काढून टाकलं. (आता ठेवा पाना!) शेवटी एक प्रश्न घातला आणि उत्तर चुकलं तर अख्खा धडा पुन्हा पहिल्यापासून, अशी पाचर मारून ठेवली. राहिलं फक्त माझ्या आवाजाचं रेकॉर्डिंग. तेही शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत सिस्टीमवर पाठवायचं होतं, की ते धड्यात आपोआप जोडलं जाणार.

पण घरात शांतता कुठली? वरच्या मजल्यावर ड्रिल चाललेलं, स्वयंपाकघरात मिक्सर, आणि सासूबाई मुक्कामाला आलेल्या. कपड्यांमध्ये आवाज घुमत नाही, असं मी कुठेतरी वाचलं होतं. मी झोपायच्या खोलीतल्या मोठ्या कपाटाकडे पाहिलं. आत रजया, कोट, अंधार आणि कोंदट हवा. हुबेहूब लिफ्ट!

"मी आत अभिनय करणार आहे," मी मायलेकींना बजावलं. "ओरडेन, दार बडवीन, तुमची नावं घेईन. काहीही झालं तरी दार उघडायचं नाही. कळलं?"

"आम्ही कशाला उघडतोय?" बायको म्हणाली.

रजयांवर फोन टेकवून ठेवला आणि पहिलं रेकॉर्डिंग झोकात पार पडलं. तेवढ्यावर थांबलो असतो, तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण मला वाटलं, लिफ्टचं दार धाडकन बंद झाल्याचा आवाज असता तर काय बहार आली असती! मी दुसरं रेकॉर्डिंग सुरू केलं. "लिफ्टमध्ये अडकल्यास घाबरून जाऊ नका," असं धीरगंभीर आवाजात म्हटलं आणि दार खच्चून आत ओढलं.

आता, या कपाटाची बाहेरची कडी सैल आहे. दार आपटलं की ती आपोआप पडते. बायको दर रविवारी ती दुरुस्त करायला सांगते आणि मी दर रविवारी 'पुढच्या रविवारी' म्हणतो.

कडी पडली.

"अगं, दार उघड!" मी म्हणालो.

बाहेर खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"अगं, खरंच अडकलोय!"

"आई, ऐकलंस?" बायकोचा कौतुकाचा आवाज आला. "वाटत नाही ना हे नाटक करतायत म्हणून?"

"नाटक नाही हे! कडी पडलीय!"

"कडीचंसुद्धा घातलंय वाटतं," सासूबाई म्हणाल्या. चहाची बशी वाजली. म्हणजे बैठक जमवून बसल्या होत्या!

"वाचवा! मला श्वास घेता येत नाहीये!"

"मघाशी जास्त चांगलं होत होतं, जावईबापू. आता जरा रडकं होतंय."

"आई, त्यांना मध्ये टोकू नकोस गं. तेही रेकॉर्ड होतं."

मग माझा धीर सुटला. "अगं, कडी उद्याच दुरुस्त करतो! महिनाभर भांडी घासतो! आईंना हवे तितके दिवस राहू दे, मी एका शब्दानं बोलणार नाही!"

"हे मात्र फार सुंदर लिहिलंय," सासूबाई गहिवरून म्हणाल्या.

शेवटी त्यांनाच थंडी वाजली, शाल हवी झाली, म्हणून दार उघडलं. मी रजईसकट त्यांच्या पायांवर पडलो. "असू दे, असू दे," म्हणत त्यांनी मला आशीर्वाद दिला. सहा वाजत आले होते. घामेजलेल्या बोटांनी मी फोनवर सगळ्यात वर दिसली ती फाइल पाठवून दिली.

सोमवारी ऑफिसात गेलो, तर सगळे कानाला हेडफोन लावून बसलेले. मेकॅनिकांच्या डोळ्यांत पाणी! मला भरून आलं. हिशेबनीस बाई म्हणाल्या, "पहिल्यांदाच झोप लागली नाही हो." मी नम्रपणे मान झुकवली. तेवढ्यात वॉचमननं विचारलं, "साहेब, आज भांडी घासून आलात की जाऊन घासणार?"

सगळ्यात वर असते ती शेवटची फाइल, हे मला तेव्हा आठवलं.

साहेब मात्र खूश होते. "सगळ्यांनी पूर्ण केला! काहींनी तर दोनदा! फक्त एक माणूस राहिलाय."

"कोण तो?" मी कडाडलो.

"तुम्ही. पटावर तुमचंही नाव आहे. आज संध्याकाळपर्यंत पूर्ण करा, नाहीतर ठरल्याप्रमाणे गोदाम."

ऑफिसात सगळ्यांसमोर ते ऐकण्याची माझी छाती नव्हती. घरी येऊन लॅपटॉप उघडला. "वाचवा!" असा माझाच टाहो घरभर घुमला, तशी बायको आणि सासूबाई धावत आल्या आणि त्यांनी आधी कपाट उघडलं. (लोक शिकतात हो. वेळ लागतो, पण शिकतात.) मग दोघी माझ्या मागे उभ्या राहून उरलेला धडा ऐकू लागल्या. महिनाभर भांड्यांचं वचन आलं, तेव्हा बायकोनं माझ्या खांद्यावर हळूच थोपटलं.

शेवटचा प्रश्न आला. 'अडकल्यावर सर्वप्रथम काय करावे?' अनुभव ताजा होता. माझं बोट आपसूक 'दार बडवून ओरडावे' यावर पडलं. पडद्यावर लाल फुली उमटली. 'चूक. जवळच्या फोनवरून मदत मागावी.'

बायकोनं ते दोनदा वाचलं.

"अहो, त्या दिवशी रेकॉर्डिंग कशावर चाललं होतं?"

"फोनवर."

सासूबाईंनी कपाटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"जावईबापू, तिथे शिकवायला तुम्हालाच ठेवलंय ना?"

मी काही बोलणार, तेवढ्यात धडा पहिल्यापासून सुरू झाला, आणि पुढे ढकलायचं बटण तर मी स्वतःच काढून टाकलं होतं.