उघड्या फाटकापाशी थांबणारे मामा

बंद रेल्वे फाटकापाशी सगळं जग थांबतं. आमचे माणिकमामा उघड्या फाटकापाशी थांबतात. नुसते थांबत नाहीत. काच खाली करतात, मान बाहेर काढतात, दोन्हीकडचे रूळ न्याहाळतात, गेटमनकडे बघून काहीतरी पुटपुटतात आणि मगच गाडी पुढे घेतात. तोवर मागचे लोक हॉर्न वाजवून वाजवून रडकुंडीला आलेले असतात.

परभणीतल्या आमच्या गल्लीत ते सगळ्यांचेच मामा. तीस वर्षं रेल्वेत गेटमन होते. रिटायर होऊनही बरीच वर्षं झाली, पण फाटक काही डोक्यातून गेलं नाही. न्हाणीघराचं दार वाजवून विचारतात, "लाईन क्लिअर हाय का?" मामी तर त्यांच्या लग्नातलंच सांगतात. "नौकरी नवी लागलती. मंगलाष्टकं लांबली तर अंतरपाटाकडं बघून भटजीला म्हन्ले, गेट कवा उघडणार?"

दोन वर्षांमागे थंडीच्या दिवसांत मामा आपल्या जुन्या गाडीतून पिंगळीकडे निघाले. फाटक उघडं. मामा शिरस्त्याप्रमाणे थांबले. मागून झरीचा बालाजी दुधाचे कॅन भरलेली पिकअप घेऊन येत होता. उघड्या फाटकात पुढचा थांबेल, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. डिकी मागच्या सीटवर येऊन बसली आणि मामांच्या मानेला जोराचा हिसका बसला. तशीच मान धरून मामा उतरले, आधी गळ्यातला लाल गमछा काढून मागच्या गाड्यांना दाखवला आणि मग बालाजीला म्हणाले, "दोन गाड्यांत अंतर ठिवायचं आसतंय बाबा. रेल्वे ठिवती, ती काय येडी हाय का?"

मानेला पट्टा आला. दवाखान्याच्या फेऱ्यांत घरातली शिल्लक आटली आणि मामी हातातल्या पाटल्या मोडायची भाषा करू लागल्या. बालाजीच्या गाडीच्या विम्यातून भरपाई मागायचं ठरलं. वकील म्हणाले, "मागून धडक हाय, दावा पक्का. फकस्त गेट बंद होत होतं, एवढं म्हणा. उघड्या गेटात थांबलो म्हणालात तर निम्मी चूक तुमच्याच माथी."

मामा उखडले. "उघडं गेट बंद म्हनू? उद्या त्या गेटमनला इच्चारतील, कोणत्या गाडीसाठी बंद केलतं? तो काय सांगंल? त्याची नौकरी घालवू का मी?"

मी समजावलं, मामींनी डोळ्याला पदर लावला, पण मामा ढिम्म. मला त्यांचा खरंच राग आला. बायकोच्या पाटल्या घालवून हा कसला प्रामाणिकपणा!

विमा कंपनीचा साहेब जबाब घ्यायला घरीच आला. मी शेजारी बसलो होतो.

"फाटक उघडं होतं की बंद?"

"उघडं."

मामींनी कपाळावर हात मारून घेतला.

"मग थांबलात कशाला?"

मामा पट्ट्याशी चाळा करत बसले. त्यांना ओशाळलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"साहेब, तीस वर्षं गेटावर काढली. गेट बंद आसलं की लोक शिव्या द्यायचे, उघडलं की सुसाट जायचे. दिवाळी आसो का पोळा, एकट्यानंच भाकर खायची. हजारो माणसं समोर येऊन थांबली, पण जेवलास का म्हणून एकानं इच्चारलं न्हाई. बंद गेटात गेटमन कामात आसतोय, तवा बोलता येत न्हाई. म्हणून उघडं दिसलं की थांबतो न् इच्चारतो, जेवलास का रे?"

साहेबाचं पेन थांबलं. त्याने मामांना पुन्हा सांगायला लावलं आणि सगळं शब्दाला शब्द लिहून घेतलं.

दावा मंजूर झाला, पण बराच कापून. एक पाटली गेली, एक वाचली. मामी आता एका हातात पाटली आणि दुसऱ्यात काचेच्या बांगड्या घालून हिंडतात. कुणी विचारलंच तर म्हणतात, "एक लाईन क्लिअर झाली."

परवा मामांना पूर्णेला जायचं होतं. लांब जायचं असलं की पट्टा अजूनही लागतो, म्हणून गाडी मी चालवत होतो. तेच फाटक आलं. उघडं. मी आरशात मागे पाहिलं आणि गाडी कडेला घेतली. मामांना मान काही बाहेर काढता येईना.

"तूच इच्चार," ते म्हणाले.

मला उगीचच लाजल्यासारखं झालं. तरी काच खाली करून ओरडलो, "जेवलास का रे?"

"जेवलो की!" म्हणत गेटमन हातातली हिरवी झेंडी गुंडाळत आमच्याकडे आला. माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही. पलीकडच्या खिडकीशी वाकला आणि म्हणाला, "मामा, लय दिसानं आलाव. मान कशी हाय? तुमी जेवलात का?"

मामांच्या गळ्यात पट्टा होता, त्यामुळे तोंड फिरवून डोळे पुसायचीही सोय नव्हती.