गणपतरावांची बिजली

गणपतरावांच्या हातात कायम चाबूक असे, पण तो घोडीला लागलेला मी कधी पाहिला नाही. त्याने ते स्वतःची पाठ खाजवत.

मी रिठदला शाळामास्तर होतो तेव्हाची गोष्ट. गावोगाव फिरून पोरांना देवी टोचायचं गणपतरावांचं सरकारी काम. त्यांच्या म्हाताऱ्या घोडीचं नाव बिजली. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, दुसरं काय! ती वेशीतून चावडीपर्यंत येई, तोवर गावातली सगळी पोरं कडब्याच्या गंजीत दडून बसत. मग गणपतराव एकेकाचा पाय धरून बाहेर ओढत.

घोडी मधेच थांबली की टाच नाही, शिवी नाही. "ईचार करून राह्यली ते," म्हणत आणि वर बसल्या बसल्या पान लावत. कुणी म्हणालं, "इकून टाका न हिले बजारात," तर म्हणत, "पयले तुह्या बापाले इक. थो बी आता कामाचा नाही राह्यला."

त्या उन्हाळ्यात त्यांची पेन्शन झाली. पुतण्याने परस्पर घोडीला गिऱ्हाईक ठरवलं. शेवटच्या फेरीच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी ते येणार होतं. म्हणून त्या फेरीला मी मुद्दाम सोबत गेलो.

परतताना मात्र नवल पाहिलं. घराकडे तोंड केलं की मरतुकडा बैलही पाय उचलतो. बिजली गावाबाहेरच्या ओढ्याशी खिळली. ओढ्यापलीकडेच गणपतरावांचं एकटं घर. मी चुचकारलं, ढकललं, हिरवा चारा दाखवला. ती ढिम्म.

"मास्तर, जराक धरा हिले," म्हणून गणपतराव उतरून पुढे गेले. थोड्या वेळाने सूप घेऊन दारात उभे राहिले. त्यांनी सुपातले हरभरे खुळखुळवले आणि त्या झुबकेदार मिशांतून बारीक बायकी आवाज काढला, "आली का वं माय? ये, ये!"

बिजलीने कान टवकारले. माझ्या हातून लगाम सुटला आणि म्हातारी चक्क दुडक्या चालीने ओढा ओलांडून गेली.

मी हसत हसत दाराशी पोचलो. घोडी सुपात तोंड घालून उभी होती.

"आमची मंडळी अशीच हाक मारे हिले," ते म्हणाले. "ते गेली, अन् हिनं घराकडं पाय उचलनंच सोडलं. घरात कोनी वाट पाह्यत असंन तरच येते. म्हनून मी पयले येतो."

मी बिजलीच्या मानेवरून हात फिरवला.

"खरं सांगू? रिकाम्या घरात याले माहाबी पाय उचलत नव्हता. आता हिले हाक माराची असते, म्हनून येतो. उद्या हे गेली, तं मी कोनाले हाक मारू, मास्तर?"

मला फार वाईट वाटलं. सकाळी गिऱ्हाईक आलं, तेव्हा मी त्याला ओढ्याच्या अलीकडेच गाठलं. म्हटलं, "बाबा, ही घोडी काही केल्या जागची हलत नाही. मी स्वतः पाहिलंय."

मास्तर खोटं बोलत नाहीत, अशी तेव्हा लोकांची समजूत होती. तो आल्या वाटेने परत गेला.