एका नोटेचा केशसंभार

"एक नोट जगात कुठे किती पुरते, ते मी दोन दशांश स्थळांपर्यंत सांगू शकते!" प्रवासाच्या बॅगेची चेन ओढत वहिनींनी जाहीर केलं.

वहिनी वजनकाटे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होत्या. कामासाठी त्यांना देशोदेशी जावं लागे आणि गेली सात वर्षं त्या खासगीत एक तक्ता भरत होत्या. घराजवळच्या पार्लरमध्ये साधे केस कापायला एक नोट पडते. बरोबर तेवढेच पैसे प्रत्येक देशाच्या चलनात बदलून घ्यायचे, तिथल्या पार्लरमध्ये समोर ठेवायचे आणि म्हणायचं, "एवढ्यात होईल तेवढं करा. सुटे परत नकोत, बक्षिसी देणार नाही."

"पण केसच का?" नणंदेनं विचारलं. या खेपेला तीही सोबत निघाली होती.

"भाजी बदलते, भाडं बदलतं. डोकं सगळीकडे सारखंच!"

"तुमचं तर मुळीच बदलत नाही," नणंद म्हणाली.

पद्धत काटेकोर होती, यात शंका नाही. एका महागड्या शहरात त्या पैशांत डावी बाजू तेवढी कापून झाली होती. मग कारागिरानं शांतपणे कात्री ठेवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली! दुसऱ्या दिवशीची बैठक वहिनींनी मान कलती ठेवून निभावली. एका साहेबांनी त्यांना मानदुखीवरचं मलमही सुचवलं. वहिनींनी तक्त्यात लिहिलं : ०.४७ डोकं.

या खेपेचं शहर मात्र स्वस्त होतं. बसथांब्याच्या कोपऱ्यावरून आत वळलं की एक लहानसं पार्लर होतं. दोन खुर्च्या, एक बेसिन आणि भिंतीवर खडूनं लिहिलेलं दरपत्रक. चालवणारी बाई पन्नाशीची, मनगटानं दणकट. वहिनींनी पैसे मोजून ठेवले आणि आपलं ठरलेलं वाक्य म्हटलं.

बाईनं एकदा पैशांकडे पाहिलं, एकदा वहिनींच्या डोक्याकडे. "ताई, एवढ्यात तुमच्या अख्ख्या गल्लीचे कापून होतील."

"सगळे संपले पाहिजेत. नाहीतर माझा तक्ता बिघडतो."

"मी फुकटचा पैसा घेत नाही. संपेपर्यंत काम करीन. फक्त चारच्या आत. चारच्या बसनं माझी मुलगी परदेशी चाललीय. दोन वर्षं येणार नाही. तिला थांब्यावर पोचवायचंय."

घड्याळात अकरा वाजले होते. "चार? अहो, अर्ध्या तासाचं काम!" वहिनी हसून म्हणाल्या.

केस कापले. धुतले. तेल लावून असं रगडलं की वहिनींना शाळेतल्या कविता आठवायला लागल्या! भुवया झाल्या, चेहरा झाला, हातांची नखं झाली. प्रत्येक कामानंतर बाई दरपत्रकाखाली वजाबाकी करी. एक वाजला तरी निम्मे पैसेसुद्धा संपले नव्हते. मग बाईनं नणंदेला दुसऱ्या खुर्चीत बसवलं.

"अहो, मला कशाला? मी तक्त्यात नाहीये!"

"आजपासून आहेस," वहिनी म्हणाल्या.

अडीच वाजता नणंदेचंही तेवढं सगळं करून झालं. पैसे मात्र उरले.

"वहिनी, पुरे करा. त्यांना चारला जायचंय."

"ठाऊक आहे गं! म्हणून तर सगळ्यात महागडं काम सांगते. पैसे चटकन संपतील आणि त्या मोकळ्या!"

बोलताना वहिनींना हे फार शास्त्रीय वाटलं होतं. दरपत्रकात सगळ्यात महाग होतं केस कुरळे करणं. ते इतकं महाग का, हा प्रश्न मात्र जन्मभर प्रत्येक गोष्टीचं कारण शोधणाऱ्या बाईला पडला नाही. सगळ्यात जास्त वेळ त्यालाच लागतो, म्हणून!

बेचाळीस गुंडाळ्या लागल्या. विसावी बसली तेव्हा तीन वाजले, औषध लावून झालं तेव्हा तीन पस्तीस.

"हे किती वेळ ठेवायचं?" वहिनींनी बारीक आवाजात विचारलं.

"पंचवीस मिनिटं. मग दुसरं औषध लावून याचा जोर मारायचा. उशीर झाला तर केस हातात येतात."

तीन पस्तीस अधिक पंचवीस. ही बेरीज वहिनींनी तीनदा केली. तिन्ही वेळा चारच आले.

"तुम्ही जा ना! मी माझं धुते."

"मानेमागचं दिसणारेय तुम्हाला? डोळ्यांत गेलं तर? अर्ध्यावर टाकून जाता येत नाही, ताई," बाई घड्याळाकडे न बघता म्हणाली. ते न बघणं वहिनींना नीट दिसलं.

पावणेचारला मुलगीच आली. खांद्यावर बॅग, मागे काका, मावशी आणि शेजारच्या दोघी. एवढ्याशा खोलीत निरोपाला जागा उरली ती वहिनींच्या डोक्याभोवती. वाटेसाठी भरलेली पाण्याची बाटली वहिनींच्या मांडीवर ठेवून मावशीनं रडून घेतलं.

"आई, कोपऱ्यापर्यंत तरी चल ना."

"कशी येऊ गं? हे डोकं आहे ना."

सगळ्यांनी त्या डोक्याकडे पाहिलं.

काहीतरी बोलायला हवं होतं. आणि घाबरल्या की वहिनींना पैशांखेरीज विषयच सुचत नसे. "तुमच्याकडे फार स्वस्ताई आहे हो!" त्या म्हणाल्या. "एका नोटेत एवढं सगळं!"

मुलगी हसली. चिडली असती तर बरं झालं असतं. "म्हणूनच तर चाललेय. मीही हेच काम करते. तिकडे एवढ्यात अर्धंच डोकं कापतात म्हणे."

अर्धं नाही, ०.४७, हे वहिनींच्या अगदी ओठांवर आलं होतं. नणंदेनं वेळीच चिमटा काढला.

आईच्या हातांतले रबरी मोजे औषधानं भिजले होते. कुणी बंदूक रोखावी तसे तिनं दोन्ही हात वर धरले आणि मुलीला नुसत्या कोपरांनी कवटाळलं. तेवढ्यात बाहेर बसचा भोंगा वाजला आणि सगळी मंडळी धावली. बाई दारापर्यंत गेली, कोपऱ्याकडे बघत क्षणभर उभी राहिली आणि परत आली.

"डोकं खाली," ती म्हणाली.

गुंडाळ्या सुटल्या तेव्हा वहिनी काकुळतीला आल्या होत्या. "झालं, आता उरलेले राहू द्या तुम्हालाच."

"पाय राहिलेत. सगळे संपले पाहिजेत, तुम्हीच म्हणालात."

मुलगी जाऊन तास झाला नव्हता आणि तिची आई खाली बसून वहिनींच्या टाचा घासत होती. वहिनी छताकडे बघत होत्या. नणंद रस्त्याकडे.

"लागतंय का?" बाईनं विचारलं.

"नाही."

"मग रडताय का?"

"औषध गेलं डोळ्यांत."

"ते मघाशीच धुतलं," बाई म्हणाली आणि तिनं दुसरी टाच हातात घेतली.

काम मात्र पक्कं होतं. ते कुरळे केस आठ महिने टिकले. प्रयोगशाळेत, जिन्यात, बँकेच्या रांगेत जो तो विचारी, "अय्या, काय सुरेख! कुठे केलेत? केवढ्याला पडलं?"

"आठवत नाही हो," वहिनी म्हणत.