दिघेकाकांचं नागपूर

इंदूरहून नागपूर विमानानं किती लांब, असं आमच्या छत्रीबागेत कोणालाही विचारा, तो म्हणेल एक तास. आमच्या शेजारचे दिघेकाका मात्र म्हणायचे, तीन तास बावन्न मिनिटं. स्वतः ते एकदाही विमानात बसले नव्हते.

काकांनी सिंचाई विभागात जन्मभर कालवे मोजले. निवृत्तीनंतर दोन वर्षं ते हे एकच अंतर मोजत होते. आठवड्यातून दोनदा रिकामी पिशवी घेऊन रिक्षानं विमानतळावर जायचे, दाराशी उतरून वहीत मिनिटं लिहायचे आणि परत यायचे. तिथला शिपाई आधी चक्रावला. पुढे तोच विचारायला लागला, "बाबूजी, आज कितने में आए?"

ऑफिसच्या कामासाठी मी अधूनमधून विमानानं नागपूरला जाते. परतले की काका फाटकात हजर.

"बेटा, चाकं टेकल्यावर दार उघडायला किती मिनिटं लागली?"

"लक्ष नाही दिलं काका. उडतं मात्र तासभरच."

"हवेतलं सोड, जमिनीवरचं सांग."

पुढच्या खेपेला मी मुकाट्यानं घड्याळ लावलं. बॅग हातात यायला बावीस मिनिटं लागली हे ऐकून काका उभ्या उभ्या म्हणाले, "मग बॅग कॅन्सल. एक जोडी कपडे पिशवीत. बात खत्म."

त्यांचे थोरले भाऊ नागपूरला असतात, एवढं मला ठाऊक होतं. म्हणून एकदा विचारलं, "रात्रीच्या गाडीनं का नाही जात?"

काकांनी वही मिटली. "गाडी रात्री पकडावी लागते. दादाचा दिवस कसा जाणार, ते वहिनीला सकाळी कळतं."

दादांची आठवण जात चालली होती. बहुतेक दिवस ते कोणालाच ओळखत नसत. एखाद्या सकाळी मात्र उठल्या उठल्या वहिनींना नावानं हाक मारत. तो दिवस चांगला, पण तोही दुपारी एकपर्यंतच. काका दोनदा गाडीनं गेले होते. दोन्ही वेळा दादांनी त्यांना परका समजून हात जोडले. तेव्हापासून काकांनी ठरवलं होतं, सकाळी वहिनींचा फोन आला की एकच्या आत तिथं पोचायचंच.

फोन गेल्या महिन्यात आला, साडेसातला. तिकीट मी माझ्या मोबाईलवर काढलं. रिक्षात बसताना काकांचं तोंडानं "जमतंय, जमतंय" चालू होतं.

दुसऱ्या दिवशी ते परतले. मी चहा घेऊन गेले.

"भेटले का दादा?"

"साडेअकराला पोचलो. मला दारात बघून म्हणाला, बाळ्या, इतका वाळलास कसा? मग जेवायला शेजारी बसवलं. स्वतःच्या ताटातली वांग्याची भाजी मला वाढली. लहानपणी पण असंच करायचा, त्याला वांगं आवडत नाही."

"आणि नंतर?"

काकांनी कप खाली ठेवला.

"एक वाजून गेल्यावर विचारलं त्यानं, आपण कुठून आलात? मी म्हटलं, इंदूरहून. तर म्हणाला, इंदूरला माझा धाकटा भाऊ असतो. फार गुणी आहे. भेटलाच तर सांगा, एकदा येऊन जा म्हणून."

"तुम्ही काय म्हणालात?"

"सांगतो म्हटलं."