चष्म्याच्या मागणीबाबत अपील न्यायालयाचा निकाल

“लोरेटा, चौकटीबाहेर अक्षर जाता कामा नये,” असं शाळेतल्या सिस्टर अ‍ॅग्नेस बजावून सांगत. अर्ज हा सुधारलेल्या समाजाचा पाया असल्यामुळे शिकवण योग्यच होती. अठ्ठावन्नाव्या वर्षी, राज्याच्या महिला तुरुंगात, लोरेटा प्रुइटनं ती मोडली.

झालं एवढंच, की झडतीत तिचा चष्मा जप्त झाला. (नोंद : ‘धारदार होऊ शकणारी धातूची वस्तू, दोन काचांसह.’) लेकीची अकरा पत्रं उशाशी न वाचता तशीच पडून राहिली. पाकिटांवर ठसठशीत अक्षरांत ‘फक्त आईसाठी’ असल्यानं दुसऱ्याकडून वाचून घ्यायची सोय नव्हती.

चष्मा परत हवा तर तक्रार-अर्ज. त्याचा टाइप मुंगीच्या पायाएवढा.

“सार्जंट, मला यातलं काही दिसत नाही हो.”

“न दिसण्याची तक्रार वेगळ्या अर्जावर, मिस प्रुइट. तो याहून बारीक आहे.”

तिनं अंदाजानं लिहिलं. मजकूर ‘कार्यालयीन उपयोगासाठी’ राखलेल्या जागेत गेल्यामुळे अर्ज फेटाळला गेला. तिनं अधिकाऱ्यांवर दावा लावला, तोही पडला. अपिलावर तीन न्यायमूर्तींनी चौदा महिने विचार केला (तिघांनाही चष्मा होता) आणि एकेचाळीस पानांत एकमतानं ठरवलं : तक्रारीचा मार्ग उपलब्ध होता, तो दिसलाच पाहिजे, असं कायदा म्हणत नाही. आधी तुरुंगातली तक्रार रीतसर पुरी करावी, मग न्यायालयात यावं. (त्या तक्रारीची मुदत पंधरा दिवसांची होती.) तळटिपेत न्यायालयानं सहानुभूतीही व्यक्त केली. तळटीप अर्थातच बारीक टाइपात.

निकाल वाचून दाखवला कोठडीत नव्यानं आलेल्या सोबतिणीनं, म्हाताऱ्या मिस ओपलनं. तिला ऐकू कमी येत असल्यामुळे तो सबंध बराकीनं ऐकला.

“म्हणजे हरले ना गं?” लोरेटा तिच्या कानाशी ओरडली.

“हरलीस. पण काय सुंदर भाषेत!” मग ओपल जरा घुटमळली. “माझं कानाचं यंत्र नेलंय त्यांनी. हात थरथरतात, लिहवत नाही. माझा अर्ज तू लिहिशील? तुझं अक्षर थेट अपिलापर्यंत पोचलेलं आहे.”

“लिहीन हो. आजच लिहीन.”

वाचकांना हसू आलं असेल. आपण परवा ज्या कागदावर सही केली, त्याची मागची बाजू वाचली होती का, एवढं जाता जाता आठवून पाहावं. डोळे तर शाबूत होते.

लोरेटानं कोरा अर्ज खिडकीपाशी उजेडात नेला, नाक कागदाला टेकवलं आणि हळूहळू ओपलचं नाव लिहायला घेतलं.