जिनेंद्रची नेमकी माफी

अंबाबाईच्या पायाची शपथ घेऊन सांगते, ह्यातला शब्द न् शब्द खरा आहे. एक जरी खोटा निघाला तर माझ्या भाकरीला जन्मभर पापुद्रा येऊ नये. आणि मधे कुणी बोलू नका. ही गोष्ट आठवली की आधीच डोकं तापतं.

त्या सकाळी सात वाजून दोन मिनिटांनी जिनेंद्रनं संगणकाचं एक बटण दाबलं, आणि तासाभरात त्याच्या चटणी कुटायच्या डंकावर मिरचीपेक्षा माणसंच जास्त लाल झाली.

जिनेंद्रचा धंदा कांदा-लसूण चटणीचा. आता बघा, घर जैन. वर स्वयंपाकघरात कांदा येत नाही, लसणाचं नाव निघत नाही, आणि खाली डंकावर दिवसभर तेच कुटलं जातं. स्वतःची चटणी त्यानं जन्मात चाखलेली नाही. चव बघायची ती चिमणाबाईनं. ती त्याच्या वडलांच्या वेळेपासूनची. मिरची किती भाजायची, खोबरं कधी उतरवायचं, सगळं तिच्या नाकात आणि जिभेवर. ती गेली तर डंक म्हणजे नुसता धडधडाट.

चांगलं चाललं होतं. पण दोन वर्षांपूर्वी जिनेंद्र कुण्या सम्राट सरांच्या यशाच्या शिबिराला गेला आणि नासला. पहाटे चारला उठायचं, आरशापुढं 'मी वाघ, मी वाघ' म्हणून ओरडायचं. चिमणाबाईच्या कढईशेजारी गजराचं घड्याळ मांडायचं, एका घाण्याला अकरा मिनिटं, बारावं नाही. दुकान रात्री दहापर्यंत उघडं. आणि सूर्य बुडाल्यावर जेवायचं नाही हा घरचा नेम, तो काही मोडवत नव्हता. म्हणजे बाबा रोज रात्री उपाशी! सहा किलो उतरला. सरांना सांगितलं तर सर म्हणाले, "बघा, हेच यश!" त्या सराच्या कानाखाली आवाज काढायला माझा हात अजून शिवशिवतोय.

तर क्षमावणीचा दिवस आला. वर्षातून एकदा जैन माणसं सगळ्यांना हात जोडून म्हणतात, 'कळत-नकळत काही चुकलं असेल तर क्षमा करा.' एवढंच. त्यावरून आजवर कुणाचं भांडण झाल्याचं ऐकिवात नाही. पण सर म्हणाले, "मोघम माफी म्हणजे अपयश! चूक नेमकी लिहा. आणि पहिली माफी स्वतःची मागा."

मग जिनेंद्रनं संगणकावर यादी केली. एका बाजूला नावं, शेजारी ज्याची त्याची माफी. पहिलं नाव स्वतःचं, मग बायको चंदना, मग चिमणाबाई, आणि शेवटी हातकणंगल्याचं मोठं गिऱ्हाईक हंबीरराव. अगदी शेवटच्या क्षणी त्याला स्वतःलाच मेसेज पाठवायची लाज वाटली. त्यानं आपलं नाव पुसलं. नुसतं नाव. माफी तिथंच राहिली. सगळी नावं एकेक घर वर सरकली, आणि हे ध्यान बटण दाबून खाली डंकावर येऊन बसलं.

सगळ्यात आधी जिना उतरली चंदना. कमरेपर्यंतची वेणी पुढं घेतलेली, हातात फोन.

"अहो, हे काय लिहिलंय? 'तुला टक्कल पडायला लागलंय म्हणून मी रोज आरशात तुझा राग राग केला. क्षमा कर. टक्कल पडलं तरी तू वाघच आहेस.' मला टक्कल?"

"अगं, ते तुला न्हाय!"

"मग कुठल्या टकलीला हाय?"

तेवढ्यात चिमणाबाई आली, आणि तिच्यामागून तिचे मालक गणपतराव. जुना तालमीतला गडी, सत्तरीतसुद्धा दारातून आडवा होऊनच आत येतो. चिमणाबाईला वाचता येत नाही, म्हणून मेसेज त्यांनी वाचलेला.

"काय रं जिनेंद्रा! 'दोन वर्षं तुझ्याकडं बघायला मला वेळ झाला नाही. आजपासून रोज संध्याकाळी तुला रंकाळ्यावर नेईन, भेळ चारीन, हातात हात घालून बसीन.' माझ्या बायकूला?"

"आन् भेळंत कांदा घालणार का न्हाय, ते बी लिवलं न्हाय!" चिमणाबाई मागून कडाडली.

"मावशीला रंकाळा, आन् मला टक्कल!" चंदना म्हणाली.

"सरकलंय ओ! यादीतलं सगळं सरकलंय!"

"तुझं डोस्कं सरकलंय!" गणपतरावांनी बाह्या वर केल्या.

भांडायला आलेल्या चिमणाबाईनं सवयीनं आल्या आल्या सकाळचा पहिला घाणा चढवला होता. तिनं हातातलं उलथनं खाली आपटलं. "पासष्ट वर्सांच्या बाईची चेष्टा करतोस? मी चालले. चव बघाय तुझ्या त्या सराला बोलीव."

ती दाराकडं निघाली. इकडं कढईतली मिरची काळी पडायला लागली. चंदना ओरडली, "अहो, उतरवा ती!"

"अजून चार मिनिटं हायत की!" तो घड्याळाकडं बघत म्हणाला. दोन वर्षांची सवय, दुसरं काय!

मिरची जळली. असा खाट उठला की गल्लीतली कुत्रीसुद्धा शिंकली. त्या धुरात, टेम्पो बाहेर लावून, खोकत खोकत हंबीरराव आत शिरले. माल न्यायला आलेला माणूस, पण मिशा थरथरत होत्या.

"शेठ, ही कसली भाषा? 'तुमचं वय झालं, हात कापतो, म्हणून तुम्हाला काढून टाकून मशीन आणायचं मी ठरवलं होतं.' कुणाचा हात कापतोय? आन् मला काढणार? मी गिऱ्हाईक हाय!"

चिमणाबाईचा एक पाय उंबऱ्याबाहेर होता. तो तिथंच थांबला.

"म्होरं वाच," ती म्हणाली.

"आं?"

"म्होरं वाच म्हंते न्हवं!"

हंबीररावांनी डोळे पुसले आणि वाचलं. "'पण माझ्या चटणीची चव मलाच माहीत नाही. तुम्ही चिमूट जिभेवर ठेवून मान हलवता, तेव्हा कुठं मला कळतं, की आज काहीतरी चांगलं झालं. दोन वर्षांत मी तुमच्या मानेकडं बघितलंच नाही, घड्याळाकडं बघितलं. क्षमा करा.'"

सगळे नुसते खोकत होते.

"ह्यो माझा हाय," चिमणाबाई म्हणाली. परत आली आणि जिनेंद्रच्या कानाखाली एक ठेवून दिली. "ही मशीनची." मग दुसऱ्या बाजूला दुसरी. "आन् ही रोज उपाशी निजल्याची. तुझ्या बानं तुला माझ्या हवाली केलंय, त्या सराच्या न्हाय!"

"रडू नका ओ," चंदना जरा नरमली.

"खाट लागलाय," जिनेंद्र म्हणाला.

चिमणाबाईनं गजराचं घड्याळ उचललं आणि जळक्या कढईत टाकलं. "पाच वाजता डंक बंद. सूर्य बुडायच्या आत तू जेवणार. होईल तेवढी चटणी होईल. पटत असंल तर कढई घासाय लाग."

जिनेंद्र खाली बसला आणि घासायला लागला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. सम्राट सर, रोजचं टार्गेट विचारायला. चंदनानं उचलला.

"वाघ कढई घासतोय," ती म्हणाली आणि ठेवून दिला.

आता डंक पाचला बंद होतो. चटणी निम्मी होते, हंबीरराव आठ आठ दिवस थांबतात, शिव्या घालतात आणि तीच नेतात. त्यांची माफी तेवढी कुणालाच गेली नाही. त्यात काय लिहिलं होतं ते जिनेंद्र सांगत नाही, आणि हंबीरराव रोज फोन करून विचारतात. जिनेंद्रचे उतरलेल्या सहातले चार किलो भरून निघालेत. आरशापुढं आता तो नुसते दात घासतो.

हे सगळं खरं. बरं, एक सोडून. चिमणाबाईला वाचता येत नाही म्हणाले, ते मी जोडलं. चौथीपर्यंत शाळा झाली आहे तिची. मेसेज तिनं आधी दोनदा वाचला होता. चुकून आलाय हे तेव्हाच कळलं होतं तिला. मग चष्मा पदराखाली सारला आणि फोन गणपतरावांच्या हातात दिला. चाळीस वर्षांत बायकोला एकदाही रंकाळ्यावर न नेलेल्या माणसानं ते मोठ्यानं वाचायला नको होय?